लक्ष ठेवणं आणि लक्ष देणं

मराठीत ‘लक्ष’ हा शब्द एकच, पण त्याला जोडलेलं क्रियापद बदललं की नातंही बदलतं. आपण कुणावर तरी लक्ष ठेवतो आणि कुणाकडे तरी लक्ष देतो. दुकानदार गर्दीच्या वेळी गिऱ्हाइकांच्या हातांवर लक्ष ठेवतो. ताप आलेल्या मुलाकडे घरातलं कुणीतरी लक्ष देतं. डोळे दोन्ही ठिकाणी उघडेच असतात, पहिल्या ठिकाणी कदाचित जास्तच. पण ठेवलेलं लक्ष ठेवणाऱ्याच्या कामाचं असतं आणि दिलेलं लक्ष समोरच्याच्या कामी येतं. आईही अंगणात खेळणाऱ्या मुलावर लक्ष ठेवते, तेव्हा ही विभागणी काटेकोर नाही हे मान्य. तरी ‘वर’ आणि ‘कडे’ यांतला फरक कानाला कळतो.

उद्योजकतेची कार्यशाळा असो, स्टार्टअपवाल्यांचा पॉडकास्ट असो किंवा कंपनीतलं प्रॉडक्ट टीमचं ट्रेनिंग, एक सल्ला हमखास मिळतो: लोकांकडे बारकाईने बघा, नवी कल्पना तिथेच सापडते. सल्ला खोटा नाही. बऱ्याच चांगल्या वस्तूंच्या मुळाशी कुणीतरी नीट बघितलेलं असतं. पण हे बघणं निव्वळ कौशल्य म्हणून शिकवलं जातं, कोडिंग शिकवावं तसं. त्यात एक नैतिक प्रश्न आहे आणि तो सहसा कुणी काढत नाही. एखाद्या माणसाला निरखून आपण त्याच्यासाठी काही बनवणार असू, त्यातून पैसेही मिळवणार असू, तर त्या निरखण्यापोटी आपण त्याचं काही देणं लागतो का?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या धंद्यात हा प्रश्न रोज समोर येतो. पण त्याची सुरुवात सॉफ्टवेअरच्या बरीच आधी झाली आहे. म्हणून आधी एक गाडी, एक पाय आणि एक कारखाना बघू.

स्कूटरवरचं कुटुंब

नॅनोमागची गोष्ट रतन टाटांनी स्वतः अनेकदा सांगितली. स्कूटरवरून जाणारी कुटुंबं ते सतत बघत होते. आई-वडिलांच्या मध्ये दाबून बसलेलं मूल आणि खाली निसरडा रस्ता. टाटा आर्किटेक्चर शिकलेले, मोकळ्या वेळात कागदावर रेघोट्या ओढायची सवय. सुरुवातीला विचार होता दुचाकीच जास्त सुरक्षित कशी करता येईल असा. त्या रेघोट्यांतून हळूहळू चार चाकं उमटली. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये नॅनो जगासमोर आली, एक लाख रुपये किंमत सांगत.

इंजिनिअरिंग म्हणून ती गाडी आजही अभ्यासण्यासारखी आहे. ६२४ सीसीचं इंजिन मागे, वायपर एकच, चाकाला नेहमीच्या चार बोल्टांऐवजी तीन. प्रत्येक रुपयाचा हिशेब मांडलेला. तरीही गाडी चालली नाही. जून २०१८ मध्ये तर महिन्याभरात एकच नॅनो तयार झाली. कारणं बरीच होती. सिंगूरमधून कारखाना साणंदला हलवावा लागला, काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. पण आपल्या विषयाशी जोडलेलं कारण वेगळं आहे. नॅनोला ‘जगातली सर्वात स्वस्त गाडी’ ही ओळख चिकटली, आणि ती चूक होती हे टाटांनीही नंतर मान्य केलं.

आपल्याकडे गाडी घरी येते तेव्हा काय होतं ते आठवा. हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, शेजारी पेढे वाटतात. ‘आम्ही जगातली सर्वात स्वस्त गाडी घेतली’ असं सांगत पेढे कोण वाटेल? स्कूटरवरचं ते कुटुंब धोक्यात होतं हे टाटांना दिसलं, आणि ते खरंच होतं. पण त्याच कुटुंबाच्या लेखी ती स्कूटर कमाई होती, कदाचित घरातली पहिली गाडी. ते स्वतःला बिचारे समजत नव्हते. रस्त्यावरून जाताना भिजलेले कपडे दिसतात. माणूस स्वतःबद्दल काय समजतो ते तेवढ्यात दिसत नाही. इथे हेतू चांगला होता, निरीक्षणही खरं होतं. फक्त त्या निरीक्षणात समोरच्याला बोलायला जागा नव्हती.

काढून ठेवलेला पाय

आता दुसरी गोष्ट. १९६०च्या दशकात जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात पाय गमावलेल्यांना पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाय बसवले जात. वैद्यकीयदृष्ट्या त्यांत खोट नव्हती. पण बरेच रुग्ण घरी गेल्यावर तो पाय काढून ठेवत आणि पुन्हा कुबड्या घेत. ‘पेशंट सूचना पाळत नाहीत’ असं म्हणून विषय मिटवता आला असता. अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो मिटवला नाही.

तो पाय बुटात घालण्यासाठी बनवलेला होता. त्याचा घोटा वळत नसे. त्यामुळे उकिडवं बसता येत नसे, मांडी घालणं जमत नसे, चिखलातून अनवाणी चालणं तर लांबच. जो माणूस जमिनीवर बसून जेवतो, शेतात अनवाणी जातो, देवळाबाहेर चपला काढतो आणि उकिडवं बसूनच शौचाला जातो, त्याच्या दिवसात तो पाय कुठेच बसत नव्हता. काढून ठेवलेला पाय हा त्या माणसाचा अभिप्राय होता. त्याने तो शब्दांत दिला नव्हता, इतकंच.

शर्मांना रबराची कल्पना टायर रिट्रेडिंगच्या दुकानात सुचली असं सांगतात. भरीव रबराचा पाय जड आणि ताठ झाला, मग आत स्पंज रबर आणि लाकूड, बाहेरून त्वचेच्या रंगाचं रबर अशी रचना ठरत गेली. १९६८ मध्ये आकाराला आलेला हा पाय पुढे ‘जयपूर फूट’ म्हणून जगभर गेला. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचं नाव त्यामानाने मागे राहिलं. बघण्याच्या गोष्टीतही कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हा प्रश्न उरतोच.

महत्त्वाचं हे की इथे निकाल रुग्णाच्या हातात होता. पाय घालून तो उकिडवा बसू शकला तर जमलं, नाही तर परत कामाला लागायचं. बघणाऱ्याचं चुकलंय हे सांगायची सोय त्या बघण्यातच होती.

स्टॉपवॉच आणि दोरी

यावरून कुणी म्हणेल, लांबून बघणं वाईट आणि जवळून बघणं चांगलं. इतकं सोपं असतं तर फ्रेडरिक टेलर हा उद्योगाच्या इतिहासातला सर्वात सहृदय माणूस ठरला असता. कामगाराकडे त्याच्याइतकं बारकाईने क्वचितच कुणी पाहिलं असेल. हातात स्टॉपवॉच घेऊन तो एकेका हालचालीचा वेळ मोजे. १८९९ मध्ये अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टीलमध्ये त्याने कच्च्या लोखंडाचे ठोकळे उचलणाऱ्या मजुरांचा अभ्यास केला. त्याच्या म्हणण्यानुसार एक मजूर दिवसाला साडेबारा टन उचलत असे. किती चालायचं, कधी थांबायचं हे सांगून त्याने एकाकडून साडेसत्तेचाळीस टन उचलून घेतले. मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. काम जवळपास चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. नंतरच्या अभ्यासकांनी या वृत्तांतातल्या बऱ्याच तपशिलांवर शंका घेतली आहे. पण टेलर काय बघत होता हे समजायला त्याचंच सांगणं पुरे आहे.

१९११ च्या त्याच्या पुस्तकात या मजुराला त्याने ‘श्मिट’ असं नाव दिलंय. या कामाला योग्य माणूस बुद्धीने बैलासारखा असावा लागतो, अशा अर्थाचं तो लिहितो. आणि त्याच पुस्तकात तो हेही नोंदवतो की हा मजूर थोडी जमीन घेऊन, कामाच्या आधी आणि कामानंतर, स्वतःच्या हाताने स्वतःचं घर बांधत होता. जो माणूस दिवसभर लोखंड वाहून संध्याकाळी घराच्या भिंती चढवतो, त्याला डोकं नाही? टेलरला घर दिसलं, त्याने ते लिहूनही ठेवलं, पण त्याचा काही उपयोग केला नाही. त्याच्या तक्त्यात घराचा रकाना नव्हता.

याच्या शेजारी टोयोटा ठेवून बघा. निरीक्षणाचं वेड तिथेही कमी नव्हतं. ताइइची ओहनो नव्या इंजिनिअरला कारखान्यात खडूने काढलेल्या वर्तुळात तासन् तास उभं करत आणि नुसतं बघायला सांगत, ही गोष्ट मॅनेजमेंटच्या वर्गांत आजही सांगितली जाते. पण त्याच कारखान्यात असेंब्ली लाइनच्या कडेला एक दोरी होती. काही बिघडलंय असं वाटलं की साधा कामगारही ती ओढू शकत होता, आणि वेळीच दुरुस्ती झाली नाही तर लाइन थांबे. टोयोटाचे कारखाने काही स्वर्ग नव्हते, तिथल्या कामाच्या ताणावर भरपूर टीका झाली आहे. तरी स्टॉपवॉच आणि दोरी यांतला फरक खरा आहे. स्टॉपवॉच बघणाऱ्याच्या हातात असतं, दोरी बघितल्या जाणाऱ्याच्या.

रात्रीचे अकरा

आता आपला काळ. आज स्टॉपवॉच लागत नाही, फोनच ते काम करतो. ॲप वापरताना तुमचं बोट कुठे थांबलं, कुठल्या फॉर्मवर तुम्ही कंटाळून बाहेर पडलात, एकाच बटणावर वैतागून किती वेळा टॅप केलंत (याला धंद्यात ‘रेज क्लिक’ म्हणतात), हे सगळं नोंदवता येतं. काही टूल्स तर अख्खं सेशन व्हिडिओसारखं परत बघायची सोय देतात. टेलर हरखून गेला असता.

हा डेटा मुळात वाईट नाही. समजा, गॅस सिलिंडर बुक करायच्या ॲपमध्ये बरेच लोक पत्त्याच्या पानावर अडकतात. नोंदी बघितल्यावर कळतं की पिनकोडचा रकाना छोट्या स्क्रीनवर कीबोर्डमागे लपतोय. दुरुस्त केलं, लोकांचा त्रास वाचला. आता समजा, त्याच प्रकारच्या नोंदींतून दुसऱ्या एका ॲपला कळतं की काही लोक रात्री अकरानंतर, बहुधा थकलेले असताना, फार विचार न करता खरेदी करतात. मग ‘फक्त तुमच्यासाठी’ असं नोटिफिकेशन रात्री अकरालाच जातं. दोन्हीकडे नोंदी सारख्याच बारीक, इंजिनिअर कदाचित एकाच कॉलेजचे. पहिल्याने माणसाची अडचण बघितली, दुसऱ्याने त्याची ढिली पडलेली बाजू.

आणि दर वेळी हेतू वाईटच असतो असंही नाही. न संपणारं स्क्रोल एझा रास्किन या डिझायनरने २००६ मध्ये बनवलं. ‘पुढचं पान’ हे बटण लोकांच्या कामात अडथळा आणतं हे त्याचं निरीक्षण बरोबर होतं. पण पान संपणं हा अडथळा होता तशीच ती उसंतही होती. तिथे माणूस मान वर करून घड्याळाकडे बघू शकत होता. पुढे रास्किनने या शोधाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला.

जिथे हेतूच वाकडा होता, तिथे शेवटी सरकारला यादी करावी लागली. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ‘डार्क पॅटर्न्स’विरोधी मार्गदर्शक तत्त्वं अधिसूचित केली. त्यात तेरा प्रकार आहेत. खोटी घाई करायला लावणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणारी बटणं, सुरू करायला सोपं आणि बंद करायला कठीण सबस्क्रिप्शन. या यादीतल्या बहुतेक युक्त्यांमागे कसून केलेलं निरीक्षण आहे. माणसाला भिडस्तपणामुळे नाही म्हणता येत नाही, शेवटच्या पानापर्यंत आल्यावर मागे फिरणं जिवावर येतं, हे कुणीतरी अगदी बरोबर ओळखलं होतं. नावीन्य म्हणाल तर तेही होतं. म्हणजे ‘बारकाईने बघा, कल्पना सापडेल’ हा सल्ला इथे तंतोतंत पाळला गेला.

सासू-सुनेचं उदाहरण

आयरिस मर्डॉक या ब्रिटिश तत्त्वज्ञ-कादंबरीकार बाईंनी ‘द सॉव्हरिन्टी ऑफ गुड’ (१९७०) या पुस्तकात एक उदाहरण दिलंय, जे मराठी घरात कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही. एका सासूला सून जरा सामान्य, उथळ, पोरकट वाटते. सासू शिष्टाचाराची पक्की, त्यामुळे वागण्यात ती हे जराही दिसू देत नाही. पण पुढे ती स्वतःलाच तपासते. आपण जुन्या वळणाचे आहोत का? मनात थोडा मत्सर आहे का? चला, पुन्हा एकदा बघू. आणि हळूहळू तिला तीच मुलगी मोकळी, उत्साही, निर्मळ दिसू लागते. बाहेरून काहीच बदललं नाही. बदललं ते फक्त बघणं. मर्डॉकचं म्हणणं असं की हा बदल ही खरी नैतिक कृती आहे. आपण आधी निरपेक्षपणे बघतो आणि मग नीतीचा प्रश्न सुरू होतो, असं नसतं. तो बघण्यातच सुरू झालेला असतो.

हे पटलं तर ‘डेटा तटस्थ असतो, वापर चांगला-वाईट असतो’ हे आमच्या क्षेत्रातलं आवडतं वाक्य अपुरं ठरतं. काय मोजायचं हे ठरवतानाच आपण माणसाला कोण समजतो हे ठरून जातं. घराचा रकाना ठेवला नाही की श्मिट बैल होतो. ‘ॲपवर घालवलेला वेळ’ एवढाच रकाना ठेवला की ॲप बंद करून झोपायला गेलेला माणूस हा तोटा दिसतो.

पण लोकांना सांगता येतं का?

यावर एक सरळ आक्षेप आहे. लोकांना काय हवंय हे त्यांना स्वतःला तरी कुठे माहीत असतं? विचारून काही कळत नाही, म्हणून तर गुपचूप निरीक्षण करायचं.

आक्षेपात तथ्य आहे. कोइम्बतूरचे अरुणाचलम मुरुगनाथम यांनी स्वस्त सॅनिटरी पॅड बनवायला घेतलं ते पत्नी जुनी फडकी वापरते हे दिसल्यावर. पण पॅड वापरून अभिप्राय कोण देणार? त्यांनी मेडिकलच्या विद्यार्थिनींना विचारलं, तर काही मुली एकमेकींचे फॉर्म भरून देताना आढळल्या. प्रश्न विचारणारा परका पुरुष, विषय असा. शेवटी त्यांनी प्राण्याच्या रक्ताची पिशवी कमरेला बांधून पॅड स्वतःवरच तपासलं. म्हणजे बोलणं थांबलं तेव्हा त्यांनी चोरून बघितलं नाही, स्वतःला त्या जागी ठेवलं. आणि यंत्र तयार झाल्यावर ते बचतगटांतल्या बायकांच्या हातात दिलं, जिथे बाईने बाईशी बोलणं शक्य होतं. लोकांना सांगता येत नसेल तर त्यांच्या पाठीमागून माहिती काढणं हा एकच मार्ग उरतो असं नाही.

दुसरा आक्षेप नफ्याचा. धंदा म्हणजे धर्मादाय नव्हे. बरोबर, पण नफा आणि लक्ष देणं यांचं वैर नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला आपलं सगळं माहीत असतं. महिनाअखेरीला उधारी वाढते, घरात मधुमेह आहे, पाहुणे आलेत. त्यातून तो कमावतोही. पण तो काउंटरच्या पलीकडे उभा असतो. ‘काका, तेल महाग लावलंत’ असं त्याला तोंडावर म्हणता येतं. ॲपला काउंटर नाही. तिथे एक बाजू सगळं बघते आणि दुसऱ्या बाजूला आपण बघितले जातोय याचीही कल्पना नसते.

म्हणून मला एक साधी कसोटी उपयोगी वाटते. कांटने राजकारणाबद्दल म्हटलं होतं की ज्या कृतीमागचं सूत्र उघड करता येत नाही, ती दुसऱ्याच्या हक्कांच्या बाबतीत अन्यायाची असते. तेच इथे लावू. ज्याला बघून आपण हे बनवलं, त्याच्यासमोर बसून आपण काय पाहिलं आणि त्यातून काय केलं ते सांगता येईल का? आणि तो ‘नाही’ म्हणाला तर आपण थांबू का?

जयपूरचा पाय या कसोटीला सहज उतरतो. पिनकोडचा रकानाही. रात्री अकराचं नोटिफिकेशन उतरत नाही: ‘तुम्ही थकलेले असता तेव्हा आम्ही गाठतो’ हे कुठल्या स्क्रीनवर लिहिणार? श्मिटला तर पुस्तकातला तो भाग वाचून दाखवायचं धाडस टेलरलाही झालं नसतं. आणि नॅनो? ती नैतिकदृष्ट्या पास होते, पण ही कसोटी आधी लावली असती तर धंद्यालाही फायदा झाला असता. ‘तुम्ही स्कूटरवर भिजताना आम्ही पाहिलं, म्हणून जगातली सर्वात स्वस्त गाडी बनवली’ हे वाक्य ऐकून समोरच्याचा चेहरा किंचित पडला असता, आणि पुढचं सगळं त्या चेहऱ्याने सांगितलं असतं.

आमच्या पिढीतले बरेच जण या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना आहेत. दिवसा ऑफिसात डॅशबोर्डवर दुसऱ्यांच्या बोटांचे ठसे बघायचे आणि रात्री स्वतःचं बोट कुणाच्या तरी डॅशबोर्डवर उमटवायचं. कंपनीचं धोरण एकट्याने बदलता येत नाही. पण कुठला रकाना ठेवायचा यावरच्या मीटिंगमध्ये एखादा प्रश्न विचारता येतो. महिन्यातून दोन-चार वापरणाऱ्यांना खरोखर फोन करता येतो. नोंदीतल्या आकड्याने सांगितलं नाही ते बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या बोलण्यात कळतं, आणि ते ऐकल्यावर रात्री अकराचं नोटिफिकेशन लिहिणं जरा अवघड जातं.

हा लेख तुम्ही कुठपर्यंत वाचलात, कुठे बोट थांबलं, हेही कुठेतरी मोजलं जात असेल. एखाद्या परिच्छेदापाशी तुम्ही चाळीस सेकंद थांबलात हे कळेल. तो पटला म्हणून थांबलात, राग आला म्हणून, की गॅसवर दूध उतू गेलं म्हणून, ते मात्र तुम्हाला विचारावंच लागेल.